आमवात, रक्तवाहिन्या आणि तालुक्याचं सोनोग्राफी यंत्र

जून सरत आला की दापोली तालुक्यात लावणीची धांदल सुरू होते. पहाटे तरवा काढायचा, मुठी बांधायच्या आणि दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची. अशा दिवसांत ज्या बाईची बोटं सकाळी तास-दीड तास मिटतच नाहीत, मनगटं सुजून गरम लागतात, तिला घरचे आणि शेजारचे एकच सांगतात: वात धरलाय, शेक घे. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो, सांध्यांचा आजार म्हणूनच ओळखला जातो. सगळी काळजी सुजलेल्या बोटांची आणि वाकड्या होत जाणाऱ्या मनगटांची. पण या आजारात माणसं वेळेआधी जातात ती बहुतांशी हृदयाकडे आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे. वैद्यकशास्त्राला हे गेली वीस-पंचवीस वर्षं नीट माहीत आहे. रुग्णाला मात्र ते क्वचितच कुणी सांगतं. हे नुकसान झटका येण्याआधी सोनोग्राफीत दिसतं का, दिसलं तर त्यावर किती विश्वास ठेवायचा आणि दापोलीसारख्या ठिकाणी त्याचा उपयोग काय, या प्रश्नांचा हा आढावा आहे.

आधी आजाराचा पसारा पाहू. महाराष्ट्राच्या खेड्यांत आमवात किती आहे याचं सर्वांत भरवशाचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या भिगवणने दिलं. पुण्याचे सांधेविकारतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चालणाऱ्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमात तिथे घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. त्यात आमवाताचं प्रमाण सुमारे ०.५ टक्के निघालं. त्याआधी १९९३ मध्ये डॉ. मालवीय यांच्या चमूने उत्तर भारतातल्या खेड्यांतून ०.७५ टक्के हा आकडा दिला होता. २०११ च्या जनगणनेत दापोली तालुक्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. भिगवणचं प्रमाण इथल्या प्रौढांना लावलं तर तालुक्यात पाचशे ते सहाशे रुग्ण असावेत. हा केवळ हिशेबाने काढलेला अंदाज आहे, पण तो बहुधा कमीच ठरेल. आमवात पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन-तीन पट जास्त आढळतो, आणि रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली हजार पुरुषांमागे ११२० हून अधिक बायका होत्या. चाकरमानी मुंबईला आणि घर, शेती, म्हातारी माणसं गावातल्या बाईच्या अंगावर, अशी ही जुनी रचना आहे. ज्या वयात आणि ज्या माणसांना हा आजार जास्त गाठतो, नेमकी तीच माणसं इथे राहिलेली आहेत.

हृदयाच्या धोक्याचा पुरावा आता भक्कम आहे. अमेरिकेत लाखाहून अधिक परिचारिकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यातून डॅनियल सॉलोमन यांनी २००३ मध्ये दाखवलं की आमवात असलेल्या बायकांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पट, आणि आजार दहा वर्षांहून जुना असेल तर तिप्पट असतं. कॅनडातल्या आविना-झुबिएता यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू आमवातात पन्नास टक्क्यांनी जास्त, हा त्यांचा निष्कर्ष. मला सर्वांत अस्वस्थ करतो तो मिनेसोटातल्या रोचेस्टरचा २००५ चा अभ्यास. आमवाताच्या रुग्णांना छातीत दुखल्याची तक्रार कमी असते, न कळता येऊन गेलेले झटके मात्र जवळपास दुप्पट असतात, असं त्यात दिसलं. आणि झटक्यांचं हे वाढलेलं प्रमाण आमवाताचं निदान होण्याआधीच्या दोन वर्षांतही आढळलं. म्हणजे सांधे सुजल्याचं ध्यानात येण्याआधीच रक्तवाहिन्यांत काहीतरी सुरू झालेलं असतं.

यात आपल्याकडची आणखी एक गोष्ट मिळवायला हवी. ‘इंटरहार्ट’ या बावन्न देशांतल्या अभ्यासाच्या दक्षिण आशियाई भागावरचा निबंध २००७ मध्ये आला. त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. पहिल्या झटक्याचं मध्यम वय आपल्याकडे ५३ वर्षं आणि इतर देशांत जवळपास ५९, असं त्यात निघालं. आमवात नसतानाही आपण सहा वर्षं मागे आहोत. आमवात असेल तर हातात वेळ त्याहून कमी.

हे होतं कसं? आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि त्या लढाईतली टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखी रसायनं सांध्यात थांबून राहत नाहीत. ती रक्तात मिसळून सगळीकडे फिरतात. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एन्डोथेलियम. हा थर नायट्रिक ऑक्साइड सोडतो, त्यामुळे वाहिनी सैल राहते, रक्तातल्या पेशी तिला चिकटत नाहीत, गुठळी होत नाही. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. सतत दाह असला की हा थर आपलं काम सोडतो. मग चरबी भिंतीत शिरते, भिंत जाड होते, जागोजागी चरबीचा थर, म्हणजे प्लाक, साचतो. जुन्या, उपचार न झालेल्या आमवातात रक्तवाहिन्यांनाच थेट सूज येऊन पायावर जखमा, नखाशी काळे ठिपके असे प्रकार होतात. तो वेगळा आजार आहे आणि चांगल्या औषधांच्या काळात तो कमी झाला आहे. इथे बोलायचं आहे ते निमूटपणे साचणाऱ्या प्लाकबद्दल.

धोका मोजायची नेहमीची साधनं इथे तोकडी पडतात. वय, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांवरून पुढच्या दहा वर्षांतला धोका सांगणारे जे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने दिले आहेत, त्यांत आमवाताचा रकाना नाही. ब्रिटनच्या ‘क्यूरिस्क’मध्ये तो २००८ पासून आहे. युरोपच्या सांधेविकार संघटनेने, म्हणजे ‘यूलार’ने, वेगळा उपाय काढला: तक्त्यातून आलेल्या आकड्याला सरळ दीडने गुणा. ढोबळ उपाय आहे, पण काहीच न करण्यापेक्षा बरा. अडचण अशी की आमवातात कोलेस्टेरॉलही फसवतं. दाह जोरात असताना ते खाली जातं आणि धोका मात्र वरच असतो. रिपोर्ट नॉर्मल पाहून डॉक्टर आणि रुग्ण दोघंही निर्धास्त होतात. वजनाचंही तसंच. या आजारात स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते, काट्यावर माणूस बारीकच दिसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिसायला बारीक पण आत चरबी बाळगणारा भारतीय देह जगापुढे मांडला. कोकणातल्या सडपातळ बाईत हे दोन्ही एकत्र येतात, आणि तिच्याकडे पाहून हृदयविकाराची शंका कुणाच्याही मनात येत नाही. म्हणून रक्तवाहिनीतच डोकावून पाहावं, ही कल्पना पुढे आली.

सोनोग्राफीने हे तीन तऱ्हांनी पाहता येतं, आणि तिन्हींचा सर्रास एकत्र उल्लेख होतो हे गोंधळाचं मूळ आहे. पावसाळ्यात आमच्याकडच्या घरांना आधी भिंतीत ओल येते, मग गिलावा फुगतो, मग पापुद्रा सुटतो. रक्तवाहिनीच्या तीन तपासण्या साधारण या तीन अवस्था दाखवतात.

सर्वांत आधीची अवस्था दाखवते ती दंडातल्या धमनीची तपासणी, प्रवाहाने होणारं प्रसरण मोजणारी. डॉक्टरांच्या भाषेत एफएमडी. डेव्हिड सेलेरमायर आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ती १९९२ साली मांडली. रुग्णाला आडवं करून दंडातली ब्रेकिअल धमनी यंत्रावर धरायची. ती जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटर रुंद असते. मग कोपराखाली रक्तदाबाचा पट्टा फुगवून पाच मिनिटं रक्त अडवायचं आणि एकदम सोडायचं. लोंढा आला की निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी पाच ते दहा टक्क्यांनी रुंदावते. अस्तर थकलेलं असेल तर ती कमी रुंदावते. इटलीतल्या पेरुजियाच्या संशोधकांनी २००४ मध्ये तरुण आणि आजार फारसा जोरात नसलेल्या रुग्णांतही हे प्रसरण घटलेलं दाखवलं. झुरिकमध्ये २००२ मध्ये अकरा रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ रोखणारं औषध दिल्यावर बारा आठवड्यांत प्रसरण सुधारलेलं दिसलं. अभ्यास छोटा, पण त्याने एक मोलाची गोष्ट सुचवली: या टप्प्यावर नुकसान परत भरून येऊ शकतं.

मग ही तपासणी सगळ्यांची का करू नये? कारण ती अतिशय नाजूक आहे. चार मिलिमीटरच्या पाच टक्के म्हणजे ०.२ मिलिमीटर. प्रोब किंचित सरकला की निकाल बदलतो. खोलीचं तापमान, दिवसाची वेळ, पाळीचे दिवस, आदल्या रात्रीचं जेवण, चहा, सगळ्यांचा परिणाम होतो. रुग्ण उपाशीपोटी हवा, आणि काही तास तंबाखू बंद हवा. इथे आपल्या भागातली गोष्ट कामी येते. कोकणातल्या बाईला ‘सिगारेट ओढता का’ असं विचारलं तर ती खरंच ‘नाही’ म्हणेल. मिश्री लावता का, असं विचारायला हवं. भाजलेल्या तंबाखूची ती पूड सकाळी हिरड्यांना चोळली की निकोटिन रक्तात जातंच, आणि कित्येक घरांत तपासणीच्या सकाळीसुद्धा ती लावल्याशिवाय तोंड धुतलं जात नाही. शिवाय सुजलेलं मनगट, न सुटणारा कोपर असलेल्या रुग्णाला पाच मिनिटं घट्ट पट्टा बांधून हात निश्चल ठेवायला सांगणं हे त्रासाचंच आहे. माझ्या मते ही तपासणी संशोधनाच्या खोलीतच राहावी. औषध रक्तवाहिनीला मानवतं का, हे तीस-चाळीस रुग्णांच्या गटात शोधायला ती उत्तम आहे. एका रुग्णाच्या हातात तिचा आकडा देऊन त्याला घरी पाठवणं योग्य नाही.

दुसरी तपासणी गळ्यातल्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीची जाडी, आयएमटी. मिलानच्या पाओलो पिन्योली यांनी १९८६ मध्ये दाखवलं की सोनोग्राफीत धमनीच्या मागच्या भिंतीवर ज्या दोन समांतर रेघा दिसतात, त्यांतलं अंतर म्हणजे भिंतीच्या आतल्या दोन थरांची खरी जाडी. मोजायची जागा ठरलेली आहे: धमनी जिथे दुभंगते त्याच्या अलीकडचा सुमारे एक सेंटिमीटरचा भाग. तरुण माणसात जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि वर्षाला साधारण ०.०१ मिलिमीटरने वाढते. नेदरलँड्समधल्या व्हान सायल यांनी २०११ मध्ये बावीस अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं तेव्हा आमवाताच्या रुग्णांची भिंत इतरांपेक्षा सरासरी ०.०९ मिलिमीटर जाड निघाली. वर्षांच्या भाषेत सांगायचं तर त्यांची धमनी ढोबळमानाने आठ-दहा वर्षांनी म्हातारी. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या अभ्यासाने २००७ मध्ये निदान होऊन वर्षही न झालेल्या रुग्णांत हा फरक दाखवला. भारतातही हे तपासून झालं आहे: लखनौच्या संजय गांधी संस्थेने २००६ मध्ये आणि दिल्लीच्या एम्सने २००८ मध्ये आपल्या रुग्णांच्या कॅरोटिडची जाडी मोजून प्रसिद्ध केली. स्पेनमधल्या लुगो इथल्या गोन्झालेझ-हुआनातेई आणि गोन्झालेझ-गाय यांनी ४७ रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा करून सुरुवातीला भिंत जितकी जाड तितके पुढे झटके जास्त, असं २००९ मध्ये मांडलं.

इतकं असूनही आयएमटीवरचा जगाचा विश्वास गेल्या दशकात उतरला आहे, आणि हे आपल्याकडे पुरेसं पोचलेलं नाही. २०१२ हे वर्ष त्यात निर्णायक ठरलं. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात डेन राउटर यांच्या विश्लेषणाने दाखवलं की नेहमीच्या धोक्याच्या तक्त्यात आयएमटी मिळवल्याने अंदाजात नगण्य सुधारणा होते. त्याच वर्षी ‘लान्सेट’मध्ये लोरेन्झ यांच्या गटाने सांगितलं की आयएमटी वर्षागणिक किती वाढली यावरून पुढचे झटके सांगता येत नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या हृदयविकार संघटनांनी ही मोजणी सरसकट करू नये असं स्पष्ट लिहिलं. हे सगळं सर्वसाधारण लोकांबद्दल आहे, आमवाताच्या रुग्णांबद्दल नाही, असा युक्तिवाद करता येतो आणि तो अगदी चुकीचा नाही. पण मोजणीतली चूक सगळ्यांना सारखीच लागू होते. आपण शोधतो तो फरक ०.०९ मिलिमीटरचा, आणि एकाच माणसाची दोनदा केलेली मोजणी चांगल्या हातांतही अनेकदा ०.०५ मिलिमीटरने वेगळी येते. शंभर रुग्णांच्या सरासरीत ही चूक विरून जाते, एका रुग्णाच्या रिपोर्टात जात नाही.

राहिला प्लाक. इथे मला या सगळ्या साधनांतलं सर्वांत उपयोगी काय ते सापडतं. प्लाक दशांश मिलिमीटरांत शोधावा लागत नाही. मॅनहाइम इथे ठरलेल्या व्याख्येनुसार भिंतीचा एखादा भाग आत किमान अर्धा मिलिमीटर, किंवा आजूबाजूच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त, डोकावत असेल, किंवा तिथली जाडी दीड मिलिमीटरच्या वर असेल, तर तो प्लाक. तो आहे किंवा नाही. न्यूयॉर्कच्या मेरी रोमन यांनी २००६ मध्ये आमवाताचे ९८ रुग्ण आणि तेवढीच त्याच वयाची इतर माणसं तपासली: रुग्णांपैकी ४४ टक्क्यांना प्लाक, इतरांपैकी १५ टक्क्यांना. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या सुमारे सहाशे रुग्णांच्या २०११ च्या अभ्यासात गळ्याच्या दोन्ही बाजूंना प्लाक असलेल्यांना हृदयाच्या तीव्र घटना प्लाक नसलेल्यांच्या जवळपास चौपट वेगाने झाल्या. यूलारने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत म्हणूनच एक वाक्य आलं: आमवाताच्या रुग्णांत लक्षणं नसलेला प्लाक शोधण्यासाठी कॅरोटिड सोनोग्राफीचा विचार करता येईल. ‘करता येईल’ हा शब्द सावध आहे, आणि तो सावधच असायला हवा. नुसतं यंत्राने पाहिल्याने रुग्णांचे झटके कमी होतात असा थेट पुरावा त्या शिफारशीच्या पाठीशी नाही. प्लाक सापडला नाही म्हणजे सुटलो असंही नाही. स्पेनमधल्या ‘पेसा’ अभ्यासात ४० ते ५४ वयाच्या धडधाकट माणसांत गळ्यापेक्षा जांघेतल्या धमन्यांत प्लाक जास्त सापडला. प्रोब तोच, दोन मिनिटं अधिक. गळा पाहताना जांघही पाहावी, असं म्हणणारे आता वाढत आहेत.

प्लाक दिसल्यावर करायचं काय, हा खरा प्रश्न. ऑस्लोच्या डायकोनयेमेट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांध्यांच्या दाहाचे ८६ रुग्ण, सगळ्यांच्या गळ्यात प्लाक असलेले, निवडून त्यांना दीड वर्ष रोसुवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं, स्टॅटिन गटातलं औषध दिलं. २०१५ चा त्यांचा निष्कर्ष: प्लाकची उंची सरासरी ०.१९ मिलिमीटरने घटली. ब्रिटनमध्ये मात्र तीन हजार आमवात रुग्णांना अटॉर्व्हास्टॅटिन किंवा साधी गोळी देऊन झटके कमी होतात का पाहणारी ‘ट्रेस-आरए’ चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण अपेक्षेपेक्षा झटके फारच कमी आले. औषध घेणाऱ्यांत ते ३४ टक्क्यांनी कमी होते, पण आकडे इतके थोडे की हा फरक योगायोगाचा नाही असं छातीठोकपणे म्हणता येईना. झटके इतके कमी का आले? आमवातावरचे उपचार सुधारले, हे त्याचं एक कारण असू शकतं आणि ते आनंदाचं आहे.

कारण दाह आटोक्यात आणणं हाच रक्तवाहिनीवरचाही पहिला उपचार आहे. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णांत हृदयविकार सुमारे २१ टक्क्यांनी कमी आढळतो, असं २०११ च्या एका एकत्रित विश्लेषणाने दाखवलं. पुढे ‘सर्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीत आमवात नसलेल्या हृदयरुग्णांना तेच औषध दिलं तेव्हा काहीच फायदा दिसला नाही. दोन्ही निकाल जुळतात, असं मला वाटतं: जिथे आमवाताचा वणवा आहे तिथेच तो विझवण्याचा लाभ. मेथोट्रेक्सेट हे स्वस्त आणि जुनं औषध आहे आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीवावर बेतू शकतं, हे प्रत्येक चिठ्ठीवर मराठीत ठळक लिहायला हवं. उलट बाजूला, मेडिकलमधून आणून महिनोन्महिने खाल्लेल्या प्रेड्निसोलोनच्या आणि डायक्लोफिनॅकच्या गोळ्या दुखणं झाकतात आणि रक्तदाब, साखर आणि झटक्याचा धोका वाढवतात. नव्या औषधांतही निवड बघून करावी लागते. टोफासिटिनिबच्या स्वस्त गोळ्या आता आपल्याकडे सहज मिळतात. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या रुग्णांना टीएनएफ रोखणाऱ्या औषधांच्या तुलनेत टोफासिटिनिबने हृदयाच्या घटना जास्त झाल्या. गळ्यात प्लाक असलेल्या, मिश्री लावणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या बाईला ही गोळी लिहिण्यापूर्वी डॉक्टर नक्कीच दोनदा विचार करतील. सोनोग्राफीचं चित्र औषधाची निवड बदलू शकतं, ते असं.

चित्राचा आणखी एक उपयोग आहे. उत्तर स्वीडनमध्ये साडेतीन हजार लोकांच्या एका चाचणीत निम्म्या लोकांना त्यांच्याच कॅरोटिडचं चित्र समजावून दिलं, उरलेल्यांना दिलं नाही. वर्षभराने चित्र पाहिलेल्यांचा एकूण धोका कमी झालेला होता. ‘लान्सेट’ने २०१९ मध्ये तो अभ्यास छापला. कोलेस्टेरॉलचा आकडा कुणाला दिसत नाही. स्वतःच्या गळ्यातली गाठ पडद्यावर दिसते. मिश्री सोडायला सांगणाऱ्या डॉक्टरच्या हातात याहून चांगलं काही असेल असं वाटत नाही.

आता यंत्राची गोष्ट. कॅरोटिडसाठी वेगळं यंत्र लागत नाही. ज्या यंत्राने गरोदरपण, पोट आणि थायरॉइड पाहतात त्यालाच उथळ भाग पाहणारा सरळ प्रोब जोडला की काम होतं. याच प्रोबने सांध्यातली सूजही दिसते. पुण्या-मुंबईचे सांधेविकारतज्ज्ञ म्हणूनच आपल्या दवाखान्यात सोनोग्राफी असावी असं म्हणतात. पण महाराष्ट्रात हे यंत्र कुठल्याही कोपऱ्यात ठेवता येत नाही. गर्भलिंग तपासणी रोखणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो कडक झाला, आणि २०१२ च्या नियमांनी हलवता येणाऱ्या यंत्रांवर बंधनं आली. प्रत्येक यंत्र नोंदलेलं हवं, नोंदलेल्या जागी हवं, चालवणारा पात्र हवा. मोबाइलला जोडायची खिशात मावणारी नवी यंत्रंही त्यातून सुटत नाहीत.

हा कायदा सांध्यांच्या डॉक्टरांना जाचतो, हे खरं आहे. तरीही तो सैल करावा असं मी म्हणणार नाही. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ राहिल्या. ज्या राज्यात असा आकडा येतो तिथे यंत्रावर पहारा हवाच. वाट कायद्याच्या आतूनच आहे. तालुक्यातलं नोंदणीकृत केंद्र, तिथलाच रेडिओलॉजिस्ट, आणि गळ्याची तपासणी. गरोदर बाईसाठी भरायचा एफ फॉर्म इथे लागत नाही, कारण गर्भ पाहायचाच नसतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. दापोलीहून मुंबई किंवा पुणं म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपासचा घाटरस्ता, नाहीतर खेडला जाऊन रेल्वे. सुजलेल्या गुडघ्यांनी एसटीत तेवढा वेळ बसणं काय असतं ते रुग्णच जाणतो. जी तपासणी तालुक्यात होऊ शकते तिच्यासाठी त्याला तिकडे पाठवू नये.

अडचण यंत्राची कमी आणि चिठ्ठीची जास्त आहे. कॅरोटिड डॉप्लर आपल्याकडे लिहिली जाते ती पक्षाघात झाल्यावर, आणि रेडिओलॉजिस्ट तेव्हा पाहतो तो अडथळा: वाहिनी किती टक्के बंद आहे. आमवाताच्या रुग्णाची वाहिनी बहुधा बंद नसतेच. मग रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलं जातं आणि भिंतीवरचा दोन मिलिमीटरचा प्लाक निसटतो. म्हणून चिठ्ठीवर स्पष्ट लिहायला हवं: आमवाताचा रुग्ण, अडथळा नसला तरी प्लाक आहे का, कोणत्या बाजूला, किती उंच, मऊ की कॅल्शियमचा, तेवढं कळवा. आयएमटीचा आकडा नसला तरी चालेल.

ही चिठ्ठी कुणाला द्यायची, याचाही विचार हवा. सगळ्या पाचशे-सहाशे रुग्णांना एकदम पाठवण्यात अर्थ नाही. माझ्या मते चाळिशी ओलांडलेले, आजार बराच जुना असलेले आणि तक्त्यात मधल्या पट्टीत पडणारे रुग्ण आधी. ज्याला मधुमेह आहे, रक्तदाब आहे आणि तंबाखूही आहे, त्याचा उपचार चित्राविना सुरू करता येतो, करायलाच हवा. पंचविशीतल्या, नव्याने निदान झालेल्या मुलीच्या गळ्यात काही सापडायची शक्यता थोडी. तिला लवकर आणि पुरेसं मेथोट्रेक्सेट मिळणं जास्त मोलाचं.

आणि रुग्ण आधी सापडायला हवेत. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाच्या घरी जाऊन रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी माहिती भरतात. त्यात एक प्रश्न वाढवता येईल: सकाळी हाताची बोटं अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात का, महिन्याहून अधिक काळ? उत्तर ‘हो’ आलं तर दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्ततपासणीसाठी पाठवणं शक्य आहे. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा दीर्घ अभ्यास चालू आहे. असा धीराचा अभ्यास आमवाताच्या बायकांचा झाला आणि त्यात गळ्याची, जांघेची सोनोग्राफी घातली, तर भात-मासळी खाणाऱ्या, उन्हातान्हात राबणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या आपल्या माणसांच्या धमन्यांचे आकडे आपल्याकडेच तयार होतील. आज आपण न्यूयॉर्कच्या आणि ऑस्लोच्या आकड्यांवरून दापोलीचा निर्णय घेतो.

प्लाक सापडला की स्टॅटिन, रक्तदाबाचं काटेकोर नियंत्रण, मिश्री बंद, दुखण्याच्या गोळ्या शक्य तितक्या कमी, आणि आमवाताचं औषध आहे ते पुरतं का याची फेरतपासणी. कोलेस्टेरॉल तपासायचं ते सांधे शांत झाल्यावर, भडका असताना नाही. प्लाक मोजायला दर सहा महिन्यांनी पुन्हा गळा दाखवायची गरज नाही, कारण तेवढ्यात बदलणारा आकडा बहुधा मोजणीचाच असतो. प्लाक सापडला नाही, तर रक्तदाब आणि साखर दर भेटीत पाहत राहायचं आणि एकूण धोक्याचा हिशेब, यूलार सांगते त्याप्रमाणे, किमान पाच वर्षांनी एकदा नव्याने मांडायचा.